उपग्रहचित्रांवरून वणव्याच्या धुराचा माग कसा काढायचा: नवख्यांसाठी

जून २०२३च्या सुरुवातीला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात विजा पडून जंगलं पेटली. आठवड्याभरात तिथला धूर दक्षिणेकडे सरकत न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियावर उतरला. ७ जूनच्या दुपारी मॅनहॅटनचं आकाश नारिंगी झालं, हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक चारशेच्या पार गेला आणि लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही काळ थांबवावी लागली. एडिसन, जर्सी सिटी भागात मराठी कुटुंबं भरपूर आहेत. अशा वेळी तिथल्यांना आणि इथे त्यांच्या काळजीत बसलेल्या आईवडिलांना एकच गोष्ट हवी असते: धूर कुठून येतोय, कुठे चाललाय आणि कधी हटेल.

याचं बरंचसं उत्तर फुकट मिळणाऱ्या उपग्रहचित्रांत असतं. त्यासाठी हवामानशास्त्राची पदवी लागत नाही. लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि तासभर शांतपणे बघायची तयारी पुरते. सरावासाठी आपण क्वेबेकचाच धूर घेऊ, कारण त्या दिवसांची चित्रं अजूनही सगळ्यांना उघडता येतात आणि धूर इतका दाट होता की नवख्या डोळ्यालाही तो सापडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. उपग्रह वरून खाली बघतो. जमिनीपासून आकाशापर्यंतचा सगळा धूर त्याला एकावर एक रचलेला दिसतो. धूर तुमच्या डोक्यावर आहे हे चित्र सांगेल. तो तुमच्या नाकापर्यंत पोचलाय का, हे चित्र सांगू शकत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे, खालची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: उपग्रहांचे दोन प्रकार ओळखा

काही उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. नासाचे टेरा आणि अ‍ॅक्वा (त्यांच्यावरचा कॅमेरा मोडिस) आणि सुओमी एनपीपी, नोआ-२०, नोआ-२१ (त्यांच्यावरचा कॅमेरा व्हीआयआयआरएस, बोलताना ‘व्हिअर्स’) हे त्यातले. ते पृथ्वीच्या जवळून जातात, त्यामुळे चित्र बारीक येतं. पण दिवसाच्या उजेडात एकेक उपग्रह एका गावावरून साधारण एकदाच जातो. टेरा सकाळी, व्हिअर्सचे तिन्ही दुपारी दीडच्या आगेमागे, अ‍ॅक्वा त्याहून उशिरा. टेरा आणि अ‍ॅक्वा आता जुने झाले आहेत आणि त्यांची कक्षा सरकत चालली आहे, म्हणून नव्याने शिकणाऱ्याने व्हिअर्सच्या चित्रांवरच हात बसवावा असं माझं मत आहे.

दुसरे भूस्थिर उपग्रह. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ते एकाच जागी थांबल्यासारखे दिसतात आणि सतत त्याच भागाकडे बघतात. अमेरिकेच्या पूर्व भागावर नजर ठेवणारा उपग्रह २०२३ साली गोज-१६ होता, एप्रिल २०२५पासून ते काम गोज-१९कडे आहे. अमेरिकेचं चित्र तो दर ५ मिनिटांनी काढतो आणि त्याला दिसणाऱ्या पृथ्वीच्या संपूर्ण बाजूचं दर १० मिनिटांनी.

धूर कसा आहे हे पाहायला ध्रुवीय उपग्रह आणि कसा चाललाय हे पाहायला भूस्थिर, एवढं लक्षात राहिलं तरी या पायरीचं काम झालं.

दुसरी पायरी: वर्ल्डव्ह्यू उघडा

नासाची ‘वर्ल्डव्ह्यू’ ही साइट ब्राउझरमध्ये उघडते, खातं काढावं लागत नाही. उघडल्यावर जगाचा नकाशा आणि खाली तारखांची पट्टी दिसेल. तारीख ६ जून २०२३ करा. डावीकडच्या थरांच्या यादीत ‘करेक्टेड रिफ्लेक्टन्स, ट्रू कलर’ (डोळ्यांना दिसतात तसे रंग) असा थर असतो. त्यात सुओमी एनपीपीचा किंवा नोआ-२०चा थर चालू ठेवा, बाकीचे बंद करा. आता नकाशा क्वेबेक ते न्यूयॉर्क एवढा भाग दिसेल असा आणा. खूप जवळ जाऊ नका. नवखा माणूस पहिल्यांदा आपलं शहर शोधून त्यावर झूम करतो आणि मग त्याला फक्त राखाडी रंग दिसतो. धुराचा आकार दुरूनच कळतो.

आता डोळ्यांना काम द्या. ढग पांढरे असतात, त्यांना पोत असतो, कडा ठसठशीत असतात आणि पुष्कळदा खाली सावली पडलेली असते. धूर पांढरा नसतो. तो निळसर करडा, जुना आणि दाट झाला की तपकिरी-पिवळट दिसतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि कडा विरत जातात. खालचं जंगल, नद्या, तळी त्याच्याआडून अंधूक दिसत राहतात.

हा फरक कणांच्या आकारामुळे पडतो. ढगातले पाण्याचे थेंब धुराच्या कणांच्या मानाने खूप मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून ढग पांढरा दिसतो. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही पुष्कळ लहान असतात. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, लाल कमी.

आता तारखेच्या बाणाने ६ वरून ७ जूनवर या, परत मागे जा, पुन्हा पुढे या. न्यू इंग्लंड आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याकडे ढगांचा मोठा भोवरा दिसेल. तो कमी दाबाचा पट्टा. उत्तर गोलार्धात अशा पट्ट्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, म्हणजे त्याच्या पश्चिमेला वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. क्वेबेकचा धूर नेमका याच बाजूने खाली खेचला गेला. भोवरा दिसला की धूर न्यूयॉर्कवरच का आला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी: आग कुठे आहे ते शोधा

धूर सापडला की उलट दिशेने उगमाकडे जायचं. वर्ल्डव्ह्यूमध्ये ‘फायर्स अँड थर्मल अ‍ॅनोमलीज’ हा थर जोडा. लाल ठिपके दिसू लागतील. हेच ठिपके नासाच्या ‘फर्म्स’ या साइटवरही मिळतात, तिथे ते उपग्रह गेल्यानंतर साधारण तीन तासांत येतात.

ठिपका म्हणजे आगीचा आकार नव्हे. व्हिअर्सच्या ३७५ मीटर लांबीरुंदीच्या चौकटीत कुठेतरी बऱ्यापैकी उष्णता सापडली, एवढाच त्याचा अर्थ. आग त्या चौकटीच्या एका कोपऱ्यातही असू शकते. एका मोठ्या वणव्याचे पन्नास ठिपके पडतात. दाट ढगाखालची आग दिसत नाही. आणि उष्णता म्हणजे दर वेळी जंगलच असं नाही: पोलादाचे कारखाने, तेलविहिरींवर जाळला जाणारा वायू यांचेही ठिपके येतात. आपल्याकडे फर्म्सवर रात्री मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात ठिपके दिसले तर ते मुंबई हायच्या तेलक्षेत्रातल्या ज्वाळांचे. जो ठिपका महिनोन्‌महिने त्याच जागी हजर असतो, त्याला वणवा म्हणू नये.

ठिपक्याला क्लिक केलं की एफआरपी हा आकडा मेगावॉटमध्ये मिळतो. आगीतून किती जोराने उष्णता बाहेर पडतेय याचं ते माप. एकाच उपग्रहाचे, एकाच वेळचे आकडे एकमेकांशी ताडून बघा. वेगवेगळ्या उपग्रहांचे आकडे एका ओळीत मांडून ‘आग वाढली’ असा निष्कर्ष काढू नका.

या पायरीवरचा मला सर्वांत आवडणारा थर म्हणजे फॉल्स कलर: व्हिअर्सचा एम११-आय२-आय१ किंवा मोडिसचा ७-२-१. यात लघुतरंग अवरक्त प्रकाश वापरलेला असतो. धुराचे कण या तरंगलांबीपुढे इतके लहान पडतात की हा प्रकाश धुरातून जवळजवळ सरळ आरपार जातो. ट्रू कलरमध्ये जिथे नुसता तपकिरी धूर दिसत होता, तिथे हा थर लावला की धूर विरळ होतो आणि खालची हिरवी वनराई, जळून गेलेले तांबूस-तपकिरी पट्टे, पेटत्या कडांची झगमगती रेघ समोर येते. धूर आणि ढग यांत गोंधळ झाला तर हीच कसोटी लावा: थर बदलल्यावर जो नाहीसा झाला तो धूर, जो तसाच राहिला तो ढग. ज्यांना एकच युक्ती लक्षात ठेवायची आहे, त्यांनी ही ठेवावी.

चौथी पायरी: धूर चालताना बघा

एका दिवसाच्या एका चित्रावरून दिशा कळते, वेग कळत नाही. त्यासाठी भूस्थिर उपग्रहाची चलचित्रं हवीत. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या सिरा संस्थेची ‘स्लायडर’ ही साइट त्यासाठी उत्तम आहे. उपग्रह गोज-ईस्ट, विभाग ‘कॉनस’ (अमेरिकेचा मुख्य भूभाग), थर ‘जिओकलर’ निवडा आणि चित्रांची संख्या वाढवून चालू करा. चालू हंगामातले वणवे बघायला हीच जागा. २०२३च्या सरावासाठी वर्ल्डव्ह्यूवरच राहा.

इथे घड्याळाचा घोळ होतो. चित्रावरची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. न्यूयॉर्कची उन्हाळ्यातली वेळ तिच्या चार तास मागे, आपली साडेपाच तास पुढे. चित्रावर १८:०० असेल तर न्यू जर्सीत दुपारचे दोन आणि पुण्यात रात्रीचे साडेअकरा. वेळ न बदलता चित्र पुढे पाठवलं की तिकडचा माणूस खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, इथे तर काहीच नाही.

वेग असा काढा: धुराची ठळक पुढची कड निवडा, दोन तासांच्या अंतराने तिची जागा टिपा आणि वर्ल्डव्ह्यूमधल्या मोजपट्टीने अंतर मोजा. क्वेबेकमधलं शिबुगामू हे गाव ६ जूनला रिकामं करावं लागलं होतं. तिथून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १,००० किलोमीटर. ताशी ४० किलोमीटरने सरकणाऱ्या धुराला एवढं अंतर कापायला २५ तास लागतील. प्रत्यक्षात धूर सरळ रेषेत जात नाही, म्हणून हिशेबात काही तासांची ढील ठेवा.

चलचित्र बघताना एक चकवा हमखास बसतो. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य तिरपा असताना धूर भलताच उजळ आणि दाट दिसतो, भर दुपारी तोच फिकट होतो. लोकांना वाटतं धूर गेला. तो तिथेच असतो. धुराचे कण प्रकाश पुढच्या दिशेने जास्त ढकलतात, त्यामुळे सूर्य, धूर आणि उपग्रह यांच्यातला कोन बदलला की दिसणंही बदलतं. धूर वाढला की घटला हे ठरवायचं तर आजची दुपार कालच्या दुपारशी ताडा, सकाळ दुपारशी नाही.

रात्री तर जिओकलरमध्ये धूर दिसतच नाही. तेव्हा आगीचे ठिपके आणि जमिनीवरची मोजमापं यांवर भिस्त ठेवायची आणि उजाडल्यावर पुन्हा चित्राकडे यायचं.

पाचवी पायरी: रंगीत नकाशे जपून वापरा

वर्ल्डव्ह्यूमध्ये ‘एरोसोल ऑप्टिकल डेप्थ’, थोडक्यात एओडी, हा थर आहे. हवेतल्या कणांनी सूर्यप्रकाश किती अडवला याचं ते माप. स्वच्छ हवेत ते ०.१च्या आसपास असतं, १ म्हणजे चांगलाच धूर किंवा धूळ. नकाशा रंगीत असल्यामुळे तो जास्त अचूक वाटतो, आणि इथेच फसगत होते. एओडी काढणारी संगणकप्रणाली आधी ढग गाळते. धूर फार दाट असला की ती त्यालाच ढग समजते आणि ती जागा कोरी सोडते. म्हणून सर्वांत भयंकर धुराच्या मधोमध नकाशावर भोक दिसू शकतं. कोरी जागा दिसली की लगेच ट्रू कलर चित्र लावून खाली काय आहे ते बघा.

दुसरा थर ‘यूव्ही एरोसोल इंडेक्स’, तो ओम्प्स आणि ट्रोपोमी या उपकरणांवरून येतो. काजळीसारखे अतिनील किरणं शोषणारे कण तो पकडतो आणि ढगांच्या वर तरंगणारा धूरही दाखवतो, हे त्याचं मोठं बळ. पण धूर जितका उंच, तितका आकडा मोठा. जमिनीला चिकटून असलेला धूर याला नीट दिसत नाही. म्हणजे लोक गुदमरत असतानाही इंडेक्स साधाच राहू शकतो, आणि उलट खूप उंचावरून जाणारा निरुपद्रवी पट्टा लालभडक दिसू शकतो.

हातात तयार नकाशा हवा असेल तर नोआ या अमेरिकी हवामान संस्थेची ‘हॅझर्ड मॅपिंग सिस्टीम’ बघा. तिथे माणसं बसून उपग्रहचित्रांवर धुराच्या सीमा आखतात आणि विरळ, मध्यम, दाट असे तीन वर्ग लावतात. मी नवख्यांना सांगतो की आधी स्वतः सीमा आखा, मग हा नकाशा उघडून ताडून बघा. याने डोळा जितका तयार होतो तितका कशानेच होत नाही. या नकाशातही उंची नसते, ते विसरू नका.

सहावी पायरी: उंची आणि जमीन

आता मुख्य प्रश्न. डोक्यावरचा धूर खाली आलाय का?

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जमिनीवरची यंत्रं. अमेरिकेत ‘एअरनाऊ’चा आग आणि धुराचा नकाशा उघडा. त्यात सरकारी केंद्रं, लोकांनी घरोघरी लावलेले स्वस्त सेन्सर आणि धुराच्या सीमा एकत्र दिसतात. कॅनडासाठी ‘फायरस्मोक’ ही साइट आहे. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप. बघायचा आकडा पीएम २.५चा, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा.

निर्देशांकाचा आकडा मात्र देशादेशांत सारखा नसतो. अमेरिकेच्या मोजणीत पीएम २.५ दर घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या थोडं वर गेलं की निर्देशांक शंभरी ओलांडतो, आपल्याकडे तीच शंभरी ६०वर येते. ‘आमच्याकडे १५०, तुमच्याकडेही १५०’ असं फोनवर म्हणण्यात अर्थ नाही. मायक्रोग्रॅममधला आकडा विचारा, म्हणजे तुलना खरी होईल.

पुढचे एक-दोन दिवस जाणून घ्यायचे तर नोआचं ‘एचआरआरआर-स्मोक’ हे प्रारूप बघा. ते उपग्रहाने मोजलेली आगीची उष्णताच वापरतं आणि दोन नकाशे देतं: जमिनीलगतचा धूर आणि जमिनीपासून वरपर्यंतचा एकूण धूर. दोन्ही शेजारी उघडून ठेवा. दुसरा गडद आणि पहिला फिका असेल तर सूर्य तांबडा दिसेल, पण श्वासाला फार त्रास होणार नाही. दोन्ही गडद असतील तर खिडक्या लावून घ्यायला सांगा, बाहेर जावंच लागलं तर एन-९५ मास्क. घरात दमेकरी, गरोदर बाई, लहान मूल किंवा हृदयाचा आजार असलेलं कोणी असेल तर आकडा चढायची वाट बघू नका.

दिवसाच्या चक्राकडेही लक्ष असू द्या. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते आणि वरचा धूर वरच राहू शकतो. सकाळी ऊन तापलं की हवा खालीवर घुसळली जाते आणि तोच धूर दहा-अकराच्या सुमारास खाली येतो. सकाळी सातला स्वच्छ हवा पाहून दिवसभराचा बेत करू नये.

हा फरक जून २०२३मध्येच फार स्पष्ट दिसला. ७ जूनला न्यूयॉर्कवरचा धूर जमिनीपर्यंत होता आणि शहर खोकत होतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कॅनडाचा धूर अटलांटिक ओलांडून पोर्तुगाल-स्पेनपर्यंत गेला. उपग्रहचित्रात तो पट्टा ठळक होता, पण बराचसा उंचावर, त्यामुळे तिथल्या लोकांना तो मुख्यतः धुकट आकाश आणि लालसर सूर्यास्त म्हणूनच दिसला. वरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी धूरच धूर. जमिनीवर मात्र दोन वेगळ्या गोष्टी.

धूर नेमका कुठल्या आगीचा याबद्दल शंका असेल तर नोआचं ‘हायस्प्लिट’ हे हवेचा प्रवास काढणारं प्रारूप वेबवरच चालवता येतं. आपलं ठिकाण द्या, वेळ द्या आणि हवेचा मार्ग मागे नेऊन बघा. ५००, १,५०० आणि ३,००० मीटर अशा तीन उंची निवडा. तिन्ही रेषा एकाच वणव्याकडे गेल्या तर उत्तर बऱ्यापैकी पक्कं. वेगवेगळीकडे पांगल्या तर ‘अमुक आगीचा धूर’ असं छातीठोकपणे सांगू नका.

आपल्याकडे हे वापरायचं तर

पद्धत तीच, पण अपेक्षा बदला. महाराष्ट्रात गडचिरोली, मेळघाट आणि सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर फेब्रुवारी ते मे या काळात वणवे लागतात. हे बहुतेक जमिनीवरचा पालापाचोळा आणि गवत जाळणारे. कॅनडातल्यासारखी झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी आग इथे क्वचितच. म्हणून फर्म्सवर ठिपक्यांची रांग दिसेल, पण ट्रू कलर चित्रात धुराचा लोट शोधूनही सापडणार नाही. लोट नाही म्हणजे आग खोटी, असं समजू नका. हेच ठिपके वापरून भारतीय वन सर्वेक्षण राज्यांच्या वनखात्यांना सूचना पाठवतं, आणि त्या सूचनांसाठी सामान्य माणसालाही नोंदणी करता येते. जंगलालगतच्या गावांनी ती जरूर करावी.

पंजाब-हरियाणातल्या पराळीच्या (भातकापणीनंतर शेतात उरलेल्या काडाच्या) धुरासाठी आणखी एक खबरदारी. तिथे बरीच आग दुपारच्या उपग्रहफेरीनंतर लावली जाते, म्हणून नुसते ठिपके मोजून ‘यंदा जाळणं कमी झालं’ म्हणणं धोक्याचं आहे. त्या काळात गंगेच्या मैदानात धुकंही असतं. पुन्हा फॉल्स कलरची कसोटी लावा, धुकं तिथे तसंच राहतं. भूस्थिर चित्रांसाठी इस्रोच्या ‘मोसडॅक’वर इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएसची चित्रं मिळतात. गोजइतकी ती बारीक नाहीत, पण धुराचा मोठा पट्टा कुठे सरकतोय हे त्यांच्यावरून कळतं.

पुढच्या सरावासाठी वर्ल्डव्ह्यूवर २७ जून २०२३ ही तारीख लावा आणि नकाशा शिकागोवर आणा. त्या दिवशी जगातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वाईट हवा तिथली होती. धुराची कड आखा, वाऱ्याची दिशा ओळखा, मागे जाऊन आगी शोधा, मग त्या दिवसाचा हॅझर्ड मॅपिंगचा नकाशा उघडून आपली रेषा किती चुकली ते पाहा.